विरहदुःखातून स्मरणाकडे : आद्य आचार्य श्रीनागदेवाचार्यांचे चरित्र

जीव अनादि काळापासून अविद्येने वेढलेला आहे. त्या अविद्येच्या योगे तो कर्म करतो आणि कर्माचे फळ भोगतो. स्वर्गातील भोग कितीही मोठा असला तरी पुण्य सरताच तो सरतो. नरकातील यातना कितीही घोर असल्या तरी त्यांनाही मर्यादा आहे. कर्मभूमीत तर सुख आणि दुःख एकमेकांत अशी मिसळलेली असतात, की सुख भोगत असतानाच ते जाण्याची भीती मनाला पोखरत राहते. मोक्षाचे फळ या तिन्हींहून वेगळे आहे, आणि ते देण्याचे सामर्थ्य एका परमेश्वराचेच आहे. देवतांचे सुख दिले तरी ते आपापल्या मर्यादेतलेच असते. हा सिद्धांत परमार्गातील प्रत्येक भिक्षुकाला आणि वासनिकाला लहानपणापासून ऐकून ठाऊक असतो.

परंतु सिद्धांत ठाऊक असूनही साधकाच्या मनात एक प्रश्न उरतोच. परमेश्वराला शरण गेल्यावर दुःख संपावयास हवे, मग अनुसरण केलेल्यांच्या वाट्याला दुःख का येते? ज्याने घरदार सोडले, ज्याने भिक्षान्नावर देह चालविला, त्याच्या अंतःकरणाला वेदना व्हावी आणि ती संसारी माणसाच्या वेदनेहूनही तीव्र असावी, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर केवळ तर्काने देता येत नाही. ते एखाद्याच्या आयुष्यात पाहावे लागते. महानुभाव पंथाचे पहिले आचार्य श्रीनागदेवाचार्य, ज्यांना सारा पंथ भटोबास या नावाने वंदन करतो, त्यांचे जीवन या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. त्यांना सन्निधानाचे सुख लाभले होते आणि दोन वेळा त्या सुखाचा वियोगही सोसावा लागला. त्या वियोगाचे त्यांनी पुढे काय केले, यातच त्यांच्या आचार्यपदाचे रहस्य आहे.

सन्निधानाचे सुख

भटोबासांचा जीवनकाल स्थूलमानाने इसवी सनाच्या १३ व्या शतकाच्या उत्तरार्धातला. देवगिरीवर यादवांचे राज्य होते. महादेवराव आणि त्यानंतर रामदेवराव यांच्या कारकिर्दीत गोदावरीचा काठ विद्येने, व्यापाराने आणि कर्मकांडाने गजबजलेला होता. व्रते, दाने आणि अनुष्ठाने यांचे मोठमोठे ग्रंथ त्या काळी सिद्ध होत होते. फळाची इच्छा धरून देवतेची आराधना करावी आणि इच्छित सुख पदरात पाडून घ्यावे, हाच धर्म अशी बहुजनांची समजूत होती. अशा काळात सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी पैठण, डोमेग्राम, बेलापूर या परिसरात आणि महाराष्ट्राच्या अनेक गावांत विहार करीत होते. ते मराठीत बोलत. समोर बसलेल्या माणसाची जात, विद्या किंवा संपत्ती न पाहता त्याच्या अधिकारानुसार त्याला निरूपण करीत.

भटोबासांच्या घरातील स्त्रियाही याच वाटेवर होत्या. त्यांची माता आबाइसा, बहीण उमाइसा आणि चुलत बहीण महदाइसा या तिघीही स्वामींच्या भक्त होत्या. महदाइसांना लहान वयातच वैधव्य आले होते. संसाराने ज्या स्त्रीच्या वाट्याला केवळ दुःख ठेवले, तिने आपली सारी बुद्धी परमेश्वराचा शोध घेण्याकडे लावली. प्रश्न विचारण्यात तिचा हात धरणारे त्या मंडळीत फारसे कोणी नव्हते. अशा कुटुंबात भटोबासांचे अनुसरण घडले आणि ते स्वामींच्या सन्निधानात राहू लागले.

सन्निधानातील दिवसांचे वर्णन लीळाचरित्रात विपुल आहे. स्वामी कोठे उतरले, कोणी काय विचारले, कोणाची चूक कशी दाखवून दिली, कोणाला कोणता दृष्टांत सांगितला, या साऱ्या लहानसहान गोष्टींतून त्या सुखाची कल्पना येते. वाट चालताना, जेवताना, नदीकाठी बसलेले असताना ज्ञान सहज मिळत होते. शंका आली की विचारावी, उत्तर मिळाले की समाधान पावावे, असा तो क्रम होता. भक्ताला त्या वेळी आणखी काही हवे असे वाटतच नसे.

तथापि या सुखाला एक बाजू अशी होती की जी त्या वेळी भक्तांच्या लक्षात येणे कठीण होते. मूर्ती डोळ्यांसमोर असते तेव्हा तिचे ध्यान करण्याचे कष्ट घ्यावे लागत नाहीत. वचन पुन्हा विचारता येते तेव्हा ते जपून ठेवण्याची काळजी वाटत नाही. ज्याच्या अंगणात विहीर आहे त्याला घागर भरून ठेवण्याची आठवण राहत नाही, तसे हे होते. स्वामी मात्र ही गोष्ट जाणून होते. म्हणूनच ते भक्तांना अटण आणि विजन सांगत. एकट्याने फिरावे, अनोळखी गावात भिक्षा मागावी, झाडाखाली बसून स्मरण करावे, असा तो आचार होता. सन्निधान दुरावल्यावरही ज्ञान टिकावे, याची ती पूर्वतयारीच होती.

पहिला वियोग

इ. स. १२७२ ते १२७४ या अवधीत स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. वर्षाविषयी अभ्यासकांत थोडा मतभेद आहे. परंतु बेलापुराहून झालेल्या या प्रस्थानाने भक्तपरिवारावर कोसळलेल्या दुःखाविषयी मतभेद नाही. जे डोळे रोज त्या मूर्तीकडे पाहत होते त्यांना आता रिकामी वाट दिसत होती. जाण्यापूर्वी स्वामींनी भटोबासांना आज्ञा केली होती, की त्यांनी ऋद्धिपुरास जाऊन श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहावे. मागे राहिलेल्या मंडळींचा भारही त्यांच्यावरच आला.

आज्ञा स्पष्ट होती, वाटही ठाऊक होती. पण पाऊल उचलत नव्हते. भटोबासांचा शोक इतका अनावर झाला की त्यांना देहाचे भान उरले नाही, असे परंपरा सांगते. अन्नपाण्याची इच्छा नाहीशी झाली. ज्याच्यावर इतरांनी विसंबावे तोच खचून गेला. सोबतच्या भक्तांनी त्यांना सावरले, धीर दिला आणि ऋद्धिपुराच्या वाटेला लावले.

पुढे जो परमार्गाचा आधारस्तंभ झाला तोही एकदा दुःखाने कोसळला होता, ही हकीकत पंथाच्या पूर्वजांनी झाकून ठेवली नाही. त्यांनी ती आदराने जतन केली. वैराग्य म्हणजे हृदय कठोर होणे नव्हे, हे त्यांना माहीत होते. संसारी माणूस पुत्रासाठी, धनासाठी, मानासाठी रडतो. त्या रडण्याच्या मुळाशी आपलेपणाचा मोह असतो, आणि तो मोह त्याला पुन्हा कर्मात गुंतवतो. परमेश्वराच्या वियोगाने होणारे दुःख याहून वेगळ्या जातीचे आहे. ते जीवाला इतर सर्व विषयांपासून सोडवते. ज्याला सन्निधानाची गोडी कळली आहे त्याला स्वर्गाचा भोगही फिका वाटतो, आणि म्हणूनच तो त्या भोगाकडे वळत नाही. या अर्थाने विरहाचे दुःख हे प्रेमाचेच दुसरे रूप आहे.

तरीही या दुःखात धोका नाही असे मात्र नाही. दुःख मोठे असले की माणूस त्यालाच कवटाळून बसतो. आपल्याइतका वियोग दुसऱ्या कोणाला झाला नाही, असे त्याला वाटू लागते, आणि हळूहळू त्या वेदनेतही एक सूक्ष्म अहंकार शिरतो. आज्ञा बाजूला राहते आणि शोक हेच साध्य होऊन बसते. भटोबास त्या कड्यापर्यंत गेले होते. परंतु आज्ञेने त्यांना मागे खेचले. ऋद्धिपुरास जावयाचे होते, सेवा करावयाची होती. दुःख निवल्यावर निघू, असे त्यांनी म्हटले नाही. दुःख सोबत घेऊनच ते निघाले.

ऋद्धिपुरातील सेवा

ऋद्धिपूर, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर, हे श्रीगोविंदप्रभूंचे निवासस्थान. श्रीचक्रधर स्वामींना ज्यांच्यापासून ज्ञानशक्तीचा स्वीकार झाला ते हे श्रीप्रभू. त्यांची राहणी मात्र स्वामींहून सर्वस्वी वेगळी होती. स्वामी निरूपण करीत, श्रीप्रभू बहुधा निरूपण करीत नसत. ते गावभर हिंडत, मनास येईल त्या घरी शिरत, मनास येईल ते उचलून खात, मुलांप्रमाणे खेळत, कधी रागावत तर कधी निष्कारण प्रसन्न होत. गावातल्या काहींना ते वेडे वाटत. परंतु संकटात सापडलेल्यांना तेच मायबाप वाटत. पाण्यासाठी कष्टी झालेल्या मातंगांना त्यांनी विहीर खणण्याची जागा दाखविली, ही लीळा प्रसिद्ध आहे. ज्यांचे दुःख मोजण्यालायकही कोणी समजत नव्हते त्यांचे दुःख श्रीप्रभूंनी जाणले.

भटोबास ऋद्धिपुरास आले तेव्हा त्यांच्या मनात स्वामींची मूर्ती भरलेली होती. प्रश्नाला उत्तर मिळण्याची त्यांना सवय होती. येथे उत्तराची अपेक्षा ठेवून उपयोग नव्हता. श्रीप्रभूंच्या इच्छेचा अंदाज घेत, त्यांच्या रोषाला न भिता आणि प्रसन्नतेने न फुगता सेवा करावयाची होती. अशी सुमारे चौदा वर्षे गेली. आबाइसा, महदाइसा आणि इतर भक्तमंडळीही तेथे होती. सरळे येथील प्रकांड पंडित म्हाइंभट हेही पुढे सर्वसंगपरित्याग करून याच मंडळीत आले.

या चौदा वर्षांनी भटोबासांना घडविले. पहिल्या वियोगाचे दुःख नाहीसे झाले असे नाही; ते सेवेत मुरले. दुःखाने हात रिकामे राहिले की मन खोल गर्तेत जाते, आणि हात सेवेत गुंतले की तेच दुःख मनाला नम्र करते, हा अनुभव त्यांना येथे आला. या काळात आनंदाचे प्रसंगही पुष्कळ आले. श्रीप्रभूंच्या विवाहाचा खेळ मांडला गेला तेव्हा महदाइसांनी धवळे रचून म्हटले. श्रीकृष्ण आणि रुक्मिणी यांच्या विवाहाचे ते गाणे मराठी भाषेतील स्त्रीरचित काव्याचा आरंभ मानले जाते. जिच्या स्वतःच्या संसारातील मंगलगीत फार लवकर थांबले होते, तिच्या कंठातून हे मंगलगान उमटले. परमेश्वराच्या क्रीडेत सहभागी होण्याचे सुख असे असते, की ते जुन्या दुःखाला पुसून टाकत नाही. त्याच दुःखाच्या भूमीतून ते उगवते आणि सर्वांना वाटले जाते.

दुसरा वियोग आणि वाजेश्वरीचे स्मरण

इ. स. १२८७ च्या सुमारास श्रीप्रभूंनीही देह ठेवला. भटोबासांच्या आयुष्यातील हा दुसरा मोठा वियोग. पहिल्या वेळी जाण्याला एक ठिकाण होते, सेवा करण्याला एक मूर्ती होती. या वेळी तसे काही उरले नव्हते. सन्निधानाचे युग संपले होते आणि असन्निधानाचा धर्म सुरू झाला होता. आता या परिवाराचे पुढे काय होणार, हा प्रश्न केवळ भावनेचा नव्हता. परिवार विखुरला असता, प्रत्येकाने आपापल्या दुःखासह आपापली वाट धरली असती, तर स्वामींचे वचन दोन पिढ्यांत लोपले असते. ज्यांनी ते ऐकले होते ते कायम राहणार नव्हते, आणि लिहून ठेवलेले असे काही नव्हते.

या प्रसंगी भटोबास ऋद्धिपुरातच वाजेश्वरीच्या स्थानी बसून स्मरण करू लागले. नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा यांचे स्मरण हा असन्निधानातील भक्ताचा श्वास आहे. स्वामी अमुक ठिकाणी कसे बसले, अमुक माणसाला काय म्हणाले, कोणत्या वेळी कसे हसले, हे ते एकेक करून मनात आणीत. पहिल्या वियोगानंतर जो शोक देहाला पाडणारा होता, तोच शोक आता चौदा वर्षांच्या सेवेतून तावून निघाला होता आणि त्याने स्मरणाचे रूप घेतले होते. शोक करणारा माणूस काय गेले याकडे पाहतो. स्मरण करणारा काय दिले गेले याकडे पाहतो. वस्तू एकच असली तरी दृष्टी निराळी झाली की फळ निराळे होते.

म्हाइंभटांनी ते पाहिले. हे अखंड मनन कशाचे चालले आहे, असे त्यांनी विचारले. स्वामींच्या लीळांचे, असे उत्तर मिळताच त्या पंडिताच्या मनात जो विचार आला त्याने मराठी भाषेचा इतिहास बदलला. भटोबासांना जे आठवते ते आपणांस सांगावे, म्हणजे ते लिहून ठेवता येईल, अशी त्यांनी विनंती केली. भटोबासांनी ती मान्य केली.

म्हाइंभटांचा स्वतःचा पूर्वायुष्याचा अनुभवही येथे ध्यानात घेतला पाहिजे. विद्येचा मोठा अभिमान बाळगून ते एकेकाळी स्वामींशी वाद करण्यास डोमेग्रामास गेले होते. तेथे त्यांचा अभिमान गळाला. तरी संसाराचा पाश लगेच सुटला नाही. पत्नी देमाइसा निवर्तल्यावर त्यांनी सर्व सोडले आणि ऋद्धिपूर गाठले. मानाचे सुख आणि घरचे सुख ही दोन्ही त्यांनी भोगली होती आणि दोन्हींचा शेवटही पाहिला होता. म्हणूनच ज्याच्या विद्येपुढे इतरांनी मान लवविली असती, तो पंडित आता गावोगाव फिरून साध्या भक्तांच्या दारी बसू लागला. ज्याने स्वामींना एकदाच पाहिले त्याचीही आठवण त्याला मोलाची वाटली. मिळालेली प्रत्येक हकीकत भटोबासांपुढे ठेवावी आणि त्यांनी ती तपासावी, असा नेम होता. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशी मांडणी होऊन लीळाचरित्र सिद्ध झाले. मराठीतील हा आद्य गद्य चरित्रग्रंथ. श्रीप्रभूंच्या लीळांचा संग्रहही म्हाइंभटांनीच केला.

या कार्यात भटोबासांची भूमिका कोणती होती, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही, आपल्या विरहाचे काव्य केले नाही, आपल्या दुःखाची नोंद करून ठेवली नाही. त्यांनी केवळ आठवले आणि इतरांचे आठवणे पारखून घेतले. प्रेमाच्या भरात घडले नाही ते घडले असे सांगण्याचा मोह मोठ्या भक्तालाही होतो. तो मोह आवरून, जे पाहिले ते आणि तेवढेच सांगावे, हा दंडक त्यांच्या पारखण्यामुळे टिकला. विरहाचे दुःख जितके खरे, तितकी स्मरणातील सचोटी अधिक. ज्याला मूर्तीची ओढ आहे त्याला कल्पनेतली मूर्ती चालत नाही.

म्हाताऱ्यांचा कैवार

भटोबासांच्या आचार्यपदाच्या काळात अनेक विद्वान पंथात आले. केशिराज, म्हणजे केशोबास, हे संस्कृतचे मोठे पंडित. स्वामींच्या वचनांची निवड करून सूत्रपाठ सिद्ध करण्याचे आणि स्वामींनी सांगितलेले ११४ दृष्टांत एकत्र गुंफण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. त्यांनी संस्कृतात रत्नमालास्तोत्रही रचले होते. परमार्गाचे ज्ञान देवभाषेत मांडावे, म्हणजे पंडितांच्या सभेत त्याला मान मिळेल, असे त्यांच्यासारख्याला वाटणे स्वाभाविक होते.

भटोबासांनी त्यांना तसे करू दिले नाही. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता, की संस्कृतात ग्रंथ झाले तर परिवारातील म्हाताऱ्या स्त्रिया त्या ज्ञानाला मुकतील, जणू कोणी त्यांना लुबाडावे तसे होईल. पंडितांच्या शास्त्रीय परिभाषेविषयी बोलताना त्यांनी असेही सुचविले, की स्वामींनी आपणांस मराठीतच निरूपण केले, तेव्हा विचारावयाचे ते मराठीतच विचारावे.

या नकारामागे भाषेचा केवळ अभिमान होता असे समजणे अपुरे ठरेल. भटोबासांच्या डोळ्यांसमोर आबाइसा, महदाइसा आणि त्यांच्यासारख्या कितीतरी जणी होत्या. संसारात ज्यांना विचारण्याचा अधिकार नव्हता त्यांना स्वामींनी आपल्यापुढे बसवून उत्तरे दिली होती. सन्निधान गेल्यावर त्यांच्यापाशी उरले होते ते एवढे एकच धन, ऐकलेले आणि कळलेले वचन. तेही परक्या भाषेच्या कुलपात गेले असते तर त्यांचा वियोग दुहेरी झाला असता. ज्याने स्वतः वियोगाचे दुःख भोगले त्यालाच दुसऱ्याचा होऊ घातलेला वियोग आधी दिसला. दुःखाने माणूस आत्ममग्नही होतो आणि कनवाळूही होतो. परमेश्वराच्या आज्ञेत राहून सोसलेले दुःख त्याला कनवाळू करते, याची ही साक्ष आहे. केशोबासांसारख्या पंडिताने ही आज्ञा शिरोधार्य मानली आणि सूत्रपाठ मराठीत राहिला, यात त्यांचेही मोठेपण आहे.

मानाचे सुख सोडून आलेला कवी

याच काळातील नरेंद्र कवींची हकीकत सुखदुःखाच्या विचारात महत्त्वाची आहे. शके १२१४ च्या (इ. स. १२९२) सुमारास त्यांनी रुक्मिणीस्वयंवर रचले. रामदेवरावांच्या सभेत त्याचे वाचन झाले. राजा इतका प्रसन्न झाला की सुवर्ण देऊन ग्रंथावर आपल्या नावाची मुद्रा घालावी अशी इच्छा त्याने प्रकट केली, असे परंपरा सांगते. कवीने ते नाकारले. ग्रंथ राजाकडे राहिला. कवी आणि त्यांचे बंधू त्याचा जेवढा भाग जपू शकले तेवढाच पुढे टिकला. नंतर नरेंद्रांनी भटोबासांपाशी येऊन संन्यास घेतला.

राजसभेतील मान हे कवीच्या दृष्टीने परमावधीचे सुख. ते सुख हाती येत असतानाच त्याची किंमत काय, हे नरेंद्रांना कळले. श्रीकृष्णाची कथा आपल्या नावाने मिरवण्याची राजाची इच्छा आणि ती विकण्याची कवीची तयारी, या दोन्हींतून उरले असते ते केवळ सोने. अशा माणसाला भटोबासांच्या झोपडीतील भिक्षान्नात काय मिळाले असेल? ज्या सुखासाठी काही विकावे लागत नाही असे सुख मिळाले, एवढेच म्हणता येईल.

भटोबासांनी पंडित, कवी आणि निरक्षर स्त्रीपुरुष यांना एकाच आचारात बसविले. अहिंसा, निःसंग, निवृत्ती आणि भक्तियोग यांवर त्यांचा भर होता. भिक्षा मागावी, एका जागी रमू नये, अटण करावे, विजनात स्मरण करावे; चूक घडली तर अनुताप व्हावा आणि प्रायश्चित्त घ्यावे; स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक यांच्या ठायी आदर ठेवावा. या आचारात सुखाची लालूच नाही आणि दुःखाची हौसही नाही. देहाला मुद्दाम पीडा देऊन परमेश्वर भेटतो असे येथे कोणी सांगत नाही. देहाचे लाड थांबले की मन रिकामे होते, आणि त्या रिकाम्या मनात स्मरणाला जागा मिळते, इतकेच.

अखेर आणि त्यानंतर

भटोबासांच्या आयुष्याचा उत्तरकाळ राजकीयदृष्ट्याही शांततेचा नव्हता. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजीने देवगिरीवर चाल केली आणि यादवांच्या वैभवाला उतरती कळा लागली. ज्या ऐश्वर्याच्या बळावर दाने आणि अनुष्ठाने यांचा थाट चालला होता ते एका स्वारीत डळमळले. भिक्षुकांचा परिवार मात्र ज्या धनावर उभा होता ते कोषागारात ठेवलेले नव्हते.

शके १२२४ च्या (इ. स. १३०२) सुमारास भटोबास निवर्तले. त्यांच्यामागे बाइदेवबासांनी आणि त्यानंतर भास्करभट्ट बोरीकरांनी, म्हणजे कवीश्वरांनी, आचार्यपद सांभाळले. भटोबासांच्या आठवणी स्मृतिस्थळात संग्रहित झाल्या. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या लीळा आठवल्या, त्यांचे आठवणे शिष्यांनी पुढे चालविले.

यानंतरच्या धामधुमीत एक मोठा आघात झाला. खालशाच्या धाडीत लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली. पंथावर ओढवलेला हा तिसरा वियोग म्हणावा असाच होता. स्वामी डोळ्यांआड झाले, श्रीप्रभू डोळ्यांआड झाले, आणि आता शब्दही हातचे गेले. परंतु या वेळी परिवार कोसळला नाही. हिराइसांसारख्या भक्तांना तो ग्रंथ मुखोद्गत होता. ज्याला जेवढे आठवत होते तेवढे त्याने सांगितले, आणि ग्रंथ पुन्हा उभा राहिला. आज उपलब्ध असलेल्या पाठांत निरनिराळ्या आठवणींतील भेद त्या त्या नावासह नोंदलेले दिसतात. वाजेश्वरीच्या स्थानी भटोबासांनी लावलेली सवय अशी फळास आली. पोथी जळू शकते, हरवू शकते, लुटली जाऊ शकते. जो भक्त रोज स्मरण करतो त्याच्यापाशी तिची दुसरी प्रत असते.

उपसंहार

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. अनुसरलेल्याच्या वाट्याला दुःख का येते? भटोबासांच्या जीवनावरून असे दिसते, की परमार्गातील दुःख दोन प्रकारचे असते. एक कर्मजन्य, रोग, अपमान, दारिद्र्य, आप्तांचा वियोग. ते इतरांप्रमाणे भक्तालाही भोगावे लागते आणि भोगाने ते सरते. त्याचा फार विचार करीत बसू नये. दुसरे परमेश्वराच्या वियोगाचे. हे दुःख ज्याला होत नाही त्याने आपले अनुसरण तपासून पाहावे, कारण ज्याची गोडी नाही त्याचा वियोग जाणवत नाही. आणि ज्याला ते होते त्याने ते दडपू नये, मिरवूही नये. त्याला आज्ञेच्या वाटेला लावावे.

दुःख आज्ञेच्या वाटेला लागले म्हणजे काय होते, याची चार पावले भटोबासांच्या चरित्रात स्पष्ट दिसतात. प्रथम ते सेवेत उतरते आणि अहंकार झिजवते. मग ते स्मरण बनते आणि गेलेल्याऐवजी लाभलेल्याकडे दृष्टी वळवते. पुढे ते सचोटी बनते, म्हणजे आठवणीत भर घालू देत नाही. अखेरीस ते करुणा बनते आणि म्हाताऱ्या स्त्रियांच्या वाट्याचे ज्ञान कोणी हिरावून घेऊ नये म्हणून पंडितांनाही थांबविते. या चारही पावलांत सुखाचा शोध कोठेच नाही. तरी त्यांच्या शेवटी जे समाधान लाभते त्याला सुखाहून निराळे नाव देणे कठीण आहे.

आजचा साधक स्वामींच्या सन्निधानापासून काळाने फार दूर आहे. त्याने ती मूर्ती पाहिलेली नाही, म्हणून आपल्याला विरहही नाही, असे त्याला वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्यांनी पाहिले त्यांनी रडत रडत आठवले, पारखून सांगितले, आणि त्याच्या घरातील आजीलाही कळेल अशा भाषेत ठेवून दिले. ती पोथी उघडून एक लीळा वाचावी, तिच्यातील स्थान, प्रसंग आणि बोल मनात आणावेत. जेथे वाचता वाचता क्षणभर मन भरून येते, तेथे भटोबासांच्या विरहाचा एक अंश वाचकाला मिळालेला असतो. तो वाया जाऊ न देता दिवसाच्या आचारात उतरविणे, हेच त्या आद्य आचार्यांना केलेले खरे दंडवत.